बिघाडातून वाद्याकडे : फझ पेडलची घरगुती जडणघडण – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विसाव्या शतकातील संगीताचा इतिहास बहुधा गायक, वादक आणि ध्वनिमुद्रिका यांच्या आधारे लिहिला जातो. ज्या उपकरणांमुळे त्या संगीताचा आवाज घडला, ती उपकरणे आणि ती हाताने जुळविणारे कारागीर यांचा उल्लेख तळटिपेपलीकडे क्वचितच जातो. इलेक्ट्रिक गिटारला जोडले जाणारे 'फझ पेडल' हे अशा उपेक्षित साधनांपैकी एक महत्त्वाचे साधन होय. पायाने दाबावयाची एक कळ, दोन किंवा तीन ट्रान्झिस्टर, मूठभर सुटे भाग आणि एक लहानशी बॅटरी एवढीच या पेटीची सामग्री आहे. तिच्यातून बाहेर पडणारा खरखरीत, दाटलेला आणि दीर्घकाळ टिकणारा स्वर १९६० नंतरच्या पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताची एक ओळख ठरला.

या पेडलची कथा सामान्यतः दोन प्रकारे सांगितली जाते. पहिल्या प्रकारात तो एका अपघाताचा परिणाम ठरतो, तर दुसऱ्या प्रकारात तो एखाद्या कंपनीचे उत्पादन ठरतो. ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी आहेत, असे प्रस्तुत शोधनिबंधाचे प्रतिपादन आहे. अपघात एकदाच घडतो आणि कारखाना मागणी दिसल्यावर चालू होतो. या दोहोंच्या मध्ये एकेक नग हाताने बनविणारे, दुसऱ्याचे मंडल उघडून पाहणारे आणि त्यात फेरफार करणारे लोक उभे आहेत. त्यांचे काम वगळले, तर फझ पेडलचा इतिहास समजू शकत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. विरूपित ध्वनी दोषाच्या पातळीवरून कलात्मक साधनाच्या पातळीवर कसा आला, याचा मागोवा घेणे.
२. फझ पेडलच्या विकासात घरगुती बांधणीचे स्थान निश्चित करणे.
३. पेडलमधील फेरफारांमागील शास्त्रीय कारणे स्पष्ट करणे.
४. उपकरण हे इतिहासाचे साधन म्हणून कसे वाचता येते, याचा विचार करणे.

दोषाचे मूल्यांतर : १९५१ ते १९६१

अॅम्प्लिफायर म्हणजे प्रवर्धक. मूळ संदेशाचा आकार न बदलता तो मोठा करणे, हे त्याचे अभियांत्रिकी ध्येय. प्रवर्धकाच्या क्षमतेबाहेरचा संदेश आला की लहरीचे माथे आणि तळ कापले जातात. गोलाकार लहर चौकोनी होऊ लागते आणि मूळ स्वरात नसलेले अनेक उपस्वर निर्माण होतात. यालाच विरूपण म्हणतात. अभियंत्याच्या वहीत त्याची नोंद दोष म्हणून होत असे.

वादकांनी मात्र या दोषाकडे वेगळ्या कानाने पाहिले. १९५१ मध्ये मेम्फिस येथे ध्वनिमुद्रित झालेल्या 'रॉकेट ८८' या गीतात विली किझार्ट याच्या गिटारचा आवाज नादुरुस्त अॅम्प्लिफायरमुळे खरखरीत झाला होता आणि तो तसाच ठेवण्यात आला. १९५८ च्या 'रम्बल' या वाद्यरचनेसाठी लिंक रे याने तर स्पीकरच्या कागदी शंकूला हेतुपुरस्सर छिद्रे पाडली. पहिल्या प्रसंगात दोष स्वीकारला गेला, तर दुसऱ्या प्रसंगात तो निर्माण करण्यात आला. अवघ्या सात वर्षांतील हा बदल लक्षणीय आहे. फेरफाराची परंपरा पेडलच्याही आधीची आहे, हे त्यातून सिद्ध होते.

निर्णायक घटना नॅशव्हिल येथे घडली. मार्टी रॉबिन्स याच्या 'डोन्ट वरी' या गीताच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन सहा तारांचे बेस गिटार वाजवीत होता. ध्वनिमिश्रण यंत्राच्या ज्या मार्गिकेतून त्याचा संदेश जात होता, तिच्यातील ट्रान्सफॉर्मर सदोष होता. त्यामुळे मधल्या वादनाचा आवाज फाटून भुंग्याच्या गुंजारवासारखा झाला. ध्वनिमुद्रण अभियंता ग्लेन स्नॉडी आणि इतर संबंधितांनी विचारविनिमयाअंती तो भाग कायम ठेवला. १९६१ मध्ये हे गीत अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले. त्याच वर्षी मार्टिनने 'द फझ' या नावाची स्वतंत्र वाद्यरचनाही प्रसिद्ध केली. म्हणजे आवाजाला नाव मिळाले होते. तो हमखास काढून देणारे साधन मात्र अद्याप नव्हते.

बिघाड हवा तेव्हा घडवून आणता येत नाही. स्नॉडीने या अडचणीवर उपाय शोधला. रेव्हिस हॉब्स या अभियंत्याच्या सहकार्याने त्याने तोच परिणाम ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने देणारे मंडल तयार केले आणि गिब्सनची मालकी असलेल्या 'शिकागो म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स' या कंपनीस ते सादर केले. मे १९६२ मध्ये स्वामित्वहक्कासाठी अर्ज दाखल झाला व ऑक्टोबर १९६५ मध्ये तो मंजूर झाला. १९६२ मध्येच 'माएस्ट्रो फझ-टोन एफझेड-१' हे उत्पादन बाजारात आले. त्यात तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते आणि ते दीड व्होल्टच्या दोन सेलवर चालत असे.

कारखान्याची मर्यादा आणि कार्यशाळेची झेप : १९६२ ते १९६९

माएस्ट्रोची जाहिरात पाहिली असता उत्पादकाला आपल्या वस्तूचा उपयोग पुरता उमगला नव्हता, असे दिसते. गिटारमधून सॅक्सोफोन, ट्रम्पेट वा चेलो यांसारखे आवाज काढता येतील, असा कंपनीचा दावा होता. विक्रेत्यांनी सुरुवातीस माल उचलला. पण ग्राहक फिरकले नाहीत आणि पुढील दोन-अडीच वर्षे मागणी जवळजवळ थंडावली. दुसऱ्या वाद्याची नक्कल करणारे यंत्र म्हणून फझला भवितव्य नव्हते.

मे १९६५ मध्ये 'रोलिंग स्टोन्स' या ब्रिटिश वाद्यवृंदाने हॉलिवूडमध्ये 'सॅटिस्फॅक्शन' हे गीत ध्वनिमुद्रित केले. त्यातील मुख्य स्वरावली पुढे फुंकवाद्यांवर घ्यावी, असा कीथ रिचर्ड्सचा मानस होता. माएस्ट्रोवर वाजविलेला भाग हा त्याच्या दृष्टीने केवळ कच्चा आराखडा होता. तो तसाच प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. ज्या सॅक्सोफोन-ट्रम्पेटांची नक्कल करण्यासाठी ही पेटी विकली जात होती, त्यांची आता गरजच उरली नाही. फझचा आवाज स्वतंत्र वाद्याचा आवाज म्हणून स्वीकारला गेला. या गीतानंतर माएस्ट्रोची मागणी झपाट्याने वाढली.

तथापि, १९६२ ते १९६५ हा काळ रिकामा नव्हता. १९६२ मध्ये 'द व्हेंचर्स' या वाद्यवृंदाने 'द २००० पाउंड बी' या रचनेत वापरलेली फझ पेटी रेड ऱ्होड्स या पेडल स्टील गिटारवादकाने स्वतः बनविलेली होती. ब्रिटनमध्ये नौदल खात्याच्या संशोधन सेवेत असलेला रॉजर मेयर फावल्या वेळात जिमी पेजसारख्या परिचित वादकांसाठी फझ पेट्या तयार करीत होता. १९६५ मध्ये लंडनच्या गॅरी हर्स्ट याने माएस्ट्रोचे मंडल आधारभूत धरले. त्याचा स्वर फार लवकर विरतो, ही वादकांची तक्रार होती. हर्स्टने मंडलातील मूल्ये बदलली, बॅटरीचा दाब ९ व्होल्टपर्यंत वाढविला आणि 'टोन बेंडर' सिद्ध केले. त्याचे आरंभीचे नग लाकडी पेटीत बसविलेले होते. ब्रिटिश फझचा उगम असा एका फेरफारातच आहे.

१९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने 'फझ फेस' बाजारात आणले. मायक्रोफोनच्या स्टँडचा गोल बुंधा पाहून त्याच्या पेटीचा आकार सुचला, असे सांगितले जाते. त्यातील दोन ट्रान्झिस्टरांचे मंडल त्याच वर्षीच्या दोन ट्रान्झिस्टरांच्या टोन बेंडरशी जवळजवळ एकरूप होते. सप्टेंबर १९६६ मध्ये लंडनला आलेल्या जिमी हेंड्रिक्सने हे पेडल आपलेसे केले आणि त्याच्या कीर्तीबरोबर त्या गोल पेटीची कीर्तीही पसरली. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या 'इलेक्ट्रो-हार्मोनिक्स'चा माइक मॅथ्यूज आणि अभियंता बॉब मायर यांनी चार ट्रान्झिस्टर व डायोड वापरून 'बिग मफ पाय' तयार केले. येथपर्यंत फझची मूलभूत कुळे निश्चित झाली. त्यानंतरचे बहुतांश काम हे याच कुळांचे फेरफार होत.

मंडलाची रचना आणि कार्य

घरगुती बांधणीसाठी फझ फेसचे मंडल सर्वाधिक निवडले गेले. त्याचे कारण त्याच्या काटकसरीत आहे. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पोटेन्शिओमीटर एवढ्यावर ते पूर्ण होते. गिटारचा संदेश २.२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर येतो. पहिल्याच्या कलेक्टरवर ३३ किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि तेथून संदेश थेट दुसऱ्या ट्रान्झिस्टरकडे जातो. दुसऱ्याच्या एमिटरपासून पहिल्याच्या बेसपर्यंत १०० किलोओहमचा रेझिस्टर मागे वळविलेला असतो. या ऋण प्रतिभरणामुळे दोन्ही ट्रान्झिस्टर एकमेकांस सावरून धरतात.

'फझ' हे नियंत्रण दुसऱ्या एमिटरखालील १ किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरने होते. त्याच्या सरकत्या टोकाला सुमारे २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडलेला असतो. बटण पूर्ण फिरविले की संदेशापुरते प्रतिभरण नाहीसे होते, वर्धन कमाल पातळीस पोहोचते आणि लहर छाटली जाते. तार छेडल्यानंतर तिचे कंपन हळूहळू मंदावते. परंतु वर्धन इतके असते की मंदावलेला संदेशही बराच वेळ कमाल मर्यादेस भिडत राहतो. म्हणून स्वर लांबतो. याच छाटणीमुळे एकाच वेळी वाजविलेल्या अनेक स्वरांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन भलते स्वर उमटतात. त्यामुळे फझ लावलेला वादक भरगच्च स्वरसमूह टाळून एकेरी स्वर किंवा षड्ज-पंचमाची जोडी पसंत करतो. उपकरणाने वादनशैलीला लावलेली ही शिस्त संगीताच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी आहे.

घरगुती बांधणीचा प्रसार

रेडिओ जुळविण्याचा छंद ब्रिटन व अमेरिकेत दोन्ही महायुद्धांच्या दरम्यानच रुजला होता. ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर त्या छंदाला नवे क्षेत्र मिळाले. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या 'प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स'सारख्या मासिकांनी छंदी वाचकांपर्यंत मंडलांच्या आकृत्या पोहोचविल्या. तांब्याच्या पट्ट्या असलेल्या व्हेरोबोर्डमुळे रसायनांत पट्टिका कोरण्याची गरज उरली नाही. पट्टी हवी तेथे तोडून डाख दिला की मंडल तयार होई. १९७५ मध्ये क्रेग अँडर्टन याचे 'इलेक्ट्रॉनिक प्रोजेक्ट्स फॉर म्युझिशियन्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सोल्डरिंगची कानशी हाती न धरलेल्या वादकालाही स्वतःचे उपकरण बनविता यावे, असा त्याचा रोख होता. अभियंता आणि वादक यांच्यातील ज्ञानाची दरी अशा लेखनाने बुजू लागली.

ब्रायन मे याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९६३ मध्ये त्याने वडील हॅरल्ड मे यांच्यासह घरातील व जुन्या सामानातून 'रेड स्पेशल' हे गिटार बनविण्यास आरंभ केला. त्यात त्याने प्रारंभी फझचे मंडलही बसविले होते. पुढे ते काढून टाकण्यात आले आणि कळीचे रिकामे छिद्र शिंपल्याच्या ताऱ्याने बुजविले गेले. तो तारा आज अलंकार वाटतो. वस्तुतः तो एका मागे घेतलेल्या फेरफाराची खूण आहे. लिखित नोंद नसतानाही वस्तू आपला इतिहास कसा बाळगते, याचे हे उत्तम निदर्शक होय.

फेरफारांची शास्त्रीय मीमांसा

पेडलमधील फेरफारांना पुष्कळदा केवळ हौस समजले जाते. बारकाईने पाहता त्यांतील प्रत्येकाच्या मुळाशी एक तांत्रिक अडचण आढळते.

पहिली अडचण जर्मेनियमच्या स्वभावाची आहे. बेसला प्रवाह न देताही या ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह झिरपतो आणि तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढले की ही गळती साधारण दुप्पट होते. मंचावरील दिव्यांच्या उष्णतेत पेडलचा आवाज बदलण्याचे हेच कारण. त्यातच एकाच क्रमांकाच्या दोन नगांचे वर्धन भिन्न असे. त्यामुळे एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन पेट्या एकसारख्या वाजत नसत. एक नग 'दैवी' आणि दुसरा निरुपयोगी ही आख्यायिका येथूनच जन्मली.

सिलिकॉन ट्रान्झिस्टर हा या अस्थिरतेवरील उपाय होता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फझ फेसमध्ये एनकेटी २७५ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरऐवजी बीसी १८३ एल, बीसी १०८ सी असे सिलिकॉन ट्रान्झिस्टर आले. परंतु केवळ ट्रान्झिस्टर बदलून भागत नाही. सिलिकॉन चालू होण्यास ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात, तर जर्मेनियमला ०.२ ते ०.३ व्होल्ट पुरतात. परिणामी दुसऱ्या एमिटरवरील दाब वाढतो, प्रवाह सुमारे ०.७ मिलिअँपिअरपर्यंत जातो आणि कलेक्टरवरील ८.२ किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये अधिक दाब खर्ची पडतो. कलेक्टरवर अपेक्षित ४.५ व्होल्टऐवजी सुमारे ३ व्होल्टच उरतात. म्हणून जाणकार बांधणारा ८.२ किलोओहमच्या जागी बदलता रेझिस्टर बसवून मल्टिमीटर व कान या दोहोंच्या साक्षीने ४.५ व्होल्ट साधतो. अधिक वर्धनामुळे सिलिकॉन पेडल कधीकधी रेडिओ केंद्रही पकडते. त्यासाठी कलेक्टर व बेस यांच्यामध्ये काही पिकोफॅरडचा लहान कपॅसिटर लावला जातो.

उर्वरित फेरफार रुचीशी निगडित आहेत. २.२ ऐवजी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आरंभी लावला तर खर्जाचा गलका कमी होतो. दुसरीकडे, जुने जर्मेनियम पेडल पीएनपी जातीचे असल्याने त्याची धन बाजू जमिनीला जोडलेली असते. ते इतर पेडलबरोबर एकाच वीजपुरवठ्यावर लावल्यास पुरवठा थेट जोडला जाऊन बिघाड संभवतो. अनेक घरगुती बांधणाऱ्यांनी एनपीएन ट्रान्झिस्टर निवडण्यामागे हे साधे व्यावहारिक कारण आहे.

आख्यायिकेकडून मापनाकडे

ट्रान्झिस्टरवर छापलेल्या क्रमांकालाच जुन्या पेडलच्या बाजारात अवास्तव किंमत येऊ लागली, तेव्हा या आख्यायिकेची चिकित्सा अटळ झाली. १९९८ मध्ये अमेरिकन अभियंता आर. जी. कीन याने 'द टेक्नॉलॉजी ऑफ द फझ फेस' हा लेख प्रसिद्ध केला. चांगल्या नगाचे रहस्य त्याच्या क्रमांकात नसून वर्धनात व गळतीत आहे, हे त्याने दाखविले. पहिल्या ट्रान्झिस्टरचे वर्धन साधारण ७० ते १०० आणि दुसऱ्याचे ९० ते १३० असावे, हे त्याच्या विवेचनाचे सार होते.

त्याने सांगितलेली मापनपद्धती घरी सहज करता येण्याजोगी आहे. कलेक्टरला २.४७२ किलोओहमचा रोध जोडून ९ व्होल्टचा पुरवठा द्यावयाचा. बेस मोकळा असताना रोधावर जो दाब दिसेल तो गळतीचा. नंतर २.२ मेगाओहमच्या रेझिस्टरमधून बेसला सुमारे ४ मायक्रोअँपिअर प्रवाह द्यावयाचा. दोन्ही वाचनांतील फरकाला १०० ने गुणले की खरे वर्धन मिळते. समजा, पहिले वाचन ०.२० व दुसरे १.०५ व्होल्ट आले, तर वर्धन ८५ ठरते. गळती वजा न करणारा साधा मापक मात्र हाच नग १०५ चा दाखवील. असा नग दुसऱ्या जागी बसविला की पेडल निस्तेज वाजणार आणि दोष नशिबाला दिला जाणार. दहा मिनिटांच्या मापनाने त्या आख्यायिकेचा निकाल लागतो.

येथे इतिहासाच्या दृष्टीने एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. मूळ जुन्या पेडलमध्ये नवे भाग बसविणे योग्य की अयोग्य? सुकलेला कपॅसिटर बदलला तर पेडल वाजू लागते. पण १९६६ चा डाख, तेव्हाची तार आणि भागांवरील निर्मितीची सांकेतिक तारीख हा पुरावा कायमचा नष्ट होतो. न बदलल्यास पुरावा टिकतो. पण ज्या आवाजासाठी ती वस्तू जन्मली तो मुका होतो. घरगुती प्रतिकृती या पेचातून मार्ग दाखविते. मूळ वस्तू अस्पर्श ठेवून तिचे मंडल नव्याने उभारता येते, त्यावर निर्भयपणे प्रयोग करता येतात. हस्तलिखित जपून ठेवावे आणि अभ्यास त्याच्या प्रतीवर करावा, या पुराभिलेखागारातील शिस्तीशी हे सुसंगत आहे.

निष्कर्ष

१. फझचा उगम अपघातात असला, तरी त्याचा इतिहास निवडीतून घडला. सदोष ध्वनी ठेवण्याचा, पुन्हा निर्माण करण्याचा व सुधारण्याचा निर्णय प्रत्येक टप्प्यावर माणसांनी घेतला.
२. ऱ्होड्स, मेयर व हर्स्ट यांच्या हातबांधणीच्या पेट्या हे कारखानदारीचे अनुकरण नव्हते. ब्रिटिश फझच्या बाबतीत तर कारखानाच कार्यशाळेच्या मागून आला.
३. उपकरणाचा उपयोग उत्पादकाने नव्हे, तर वापरणाऱ्याने ठरविला. १९६२ ची जाहिरात आणि १९६५ चे गीत यांतील अंतर हे त्याचे प्रमाण होय.
४. फेरफार हे अज्ञानमूलक खटाटोप नसून बहुधा निश्चित तांत्रिक अडचणींची उत्तरे आहेत.
५. डाख, छिद्रे, बदललेले भाग यांचे वाचन हे लिखित साधनांइतकेच महत्त्वाचे आहे. वस्तूचा इतिहास लिहिणाऱ्यास मंडलाची आकृती वाचता आली पाहिजे.

शेवटचा मुद्दा महाविद्यालयीन अध्यापनाशी थेट संबंधित आहे. दोन ट्रान्झिस्टरांचे हे मंडल पदार्थविज्ञानाच्या पदवी प्रयोगशाळेच्या आवाक्यातील आहे. त्यासाठी लागणारे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मिळतात. त्याच्या लहरी ऑसिलोस्कोपवर पाहणारा विज्ञानाचा विद्यार्थी आणि त्याच मंडलाची वंशावळ शोधणारा इतिहासाचा विद्यार्थी एका मेजाशी बसू शकतात. आंतरविद्याशाखीय अभ्यासाची चर्चा परिसंवादांत वारंवार होते; तिला प्रत्यक्ष कृतीचे रूप देण्यास एवढी लहान पेटीही पुरेशी आहे.